दहा मिनिटं थांबा

सुपरमार्केटच्या मांसाच्या फ्रिजसमोर उभ्या राहून बाईंनी खिम्याचं पाकीट उचललं, दोन्ही अंगठ्यांनी दाबून पाहिलं आणि शेजारी दही शोधणारा माणूस दचकेल अशा आवाजात म्हणाल्या, "ही काय वीट आहे?"

वीटच होती ती. गेल्या आठवड्यापर्यंत खिमा उथळ ट्रेमध्ये मिळायचा. वर पारदर्शक पापुद्रा, आत मोकळा, लालसर, दाणा न् दाणा दिसणारा. आता ट्रे गेला होता. आतली सगळी हवा ओढून काढून प्लॅस्टिक मांसाला असं आवळलं होतं की बोटाला खिमा लागतोय की लगदा, काही कळायला मार्ग नव्हता. रंग जांभळट, मार लागल्यावर उमटतो तसा. कोपऱ्यात एक हिरवं पान छापलेलं आणि खाली 'तुमच्यासाठी, पृथ्वीसाठी'. पृथ्वीची चौकशी झाली असेल कदाचित, पण खिमा विकत घेणाऱ्यांना कुणी विचारलं होतं? बाईंनी पाकीट टोपलीत टाकलं, कारण दुसरं काही ठेवलेलंच नव्हतं. निमूट घेतलं मात्र नाही. पैसे देईपर्यंत त्या बोलतच होत्या.

या बाईंना ओळखणारे सगळे 'नाकवाल्या बाई' म्हणत, आणि ते थट्टेनं नव्हे. मोठ्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरात त्यांनी उभा जन्म काढला, पण चुलीपाशी नाही, मागच्या दाराशी. येणारा माल आधी हुंगायचा, मग उतरवून घ्यायचा, हे त्यांचं काम. मासळी, कोंबडी, दूध, अंडी, सगळं त्यांच्या नाकाखालून आत जायचं. एकदा कोंबडीचा ठेकेदार स्वतः आला आणि हुज्जत घालू लागला, "बाई, सकाळचाच माल आहे, उगाच खोड काढू नका." बाईंनी त्याच्यासाठी स्टूल ओढलं. "मग बसा की. इथंच शिजवते, पहिला घास तुम्ही घ्या." ठेकेदारानं खोकी परत गाडीत चढवली आणि तो निघून गेला. त्यानंतर त्याचे ड्रायव्हर खाली उतरण्याआधी खिडकीतूनच विचारायचे, "आज बाई आहेत का?" नाहीत असं कळलं की त्यांचे चेहरे खुलायचे.

घरातही बाईंचा शब्द तसाच चाले. नवऱ्याला घरात सगळे आबा म्हणत. आबांची हयात बस दुरुस्तीच्या कारखान्यात गेली. डिझेल आणि ग्रीस यांना त्यांचं नाक कधीच शरण गेलं होतं. त्यामुळे लग्न झाल्यापासून एक रीत पडून गेली होती. ताट समोर आलं की आबा मान वर करून विचारत, "बघितलंस?" बाई म्हणत, "जेवा." मगच आबा पहिला घास घेत. सुनेला सुरुवातीला याचं हसू यायचं. नंतर तिलाही सवय झाली.

पण गेल्या हिवाळ्यात बाईंना सर्दी झाली आणि वास येणं पार बंद झालं. दूध करपून भांडं काळं पडलं तरी बाई शेजारच्याच खुर्चीत भाजी निवडत बसलेल्या. धूर बघून मुलगा धावत आला. महिन्याभरात वास परत आला, अगदी पहिल्यासारखा, असं बाई ठासून सांगत. मुलगा "हो आई, हो" म्हणे, आणि त्या 'हो'नंच बाईंच्या तळपायाची आग मस्तकात जाई. स्वयंपाकघरात आला की तो भांड्यांची झाकणं उचलून स्वतः वास घेऊन बघू लागला होता. बाईंना दिसत नसेल असं त्याला वाटायचं.

नवं पाकीट घरी आलं ते या सगळ्यात. आधी ते उघडेना. फाडायला म्हणून कोपऱ्यावर एक खूण होती, ती चिमटीत धरून ओढली तर खूणच तुटून हातात आली. कात्री घातली तर लाल पाण्याची चिळकांडी थेट साडीवर. आणि मग आला वास. आंबूस, कोंदट, ओलं फडकं डब्यात बंद करून विसरून जावं तसा. बाईंनी क्षणभरही विचार केला नाही. सगळं पाकीट कचऱ्यात. दुसऱ्या आठवड्यात दुसरं पाकीट, तोच वास, तोच कचरा.

त्या वेळी मुलगा नेमका कामावरून आला. "आई, अख्खं पाकीट टाकलंस?" म्हणत त्यानं ते कचऱ्याच्या डब्यातून वर काढलं, नाकाशी नेलं, पुन्हा नेलं. "याला तर काहीच वास येत नाहीये."

"काहीतरी बोलू नकोस. दे इकडे."

बाईंनी हुंगलं. खरंच येत नव्हता. रंगसुद्धा लाल झाला होता, ट्रेमधल्यासारखा. मुलानं बायकोकडे पाहून फक्त भुवया उंचावल्या. एवढं पुरे होतं. सून बिचारी वाईट नव्हती. तिनं लगेच विषय बदलला, आणि ते बाईंना जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी बाई रिकामं पाकीट घेऊन सुपरमार्केटच्या तक्रारींच्या काउंटरवर गेल्या. मुलगा गाडीनं सोडायला आला होता, तो सोबत आत आला. रांग होती आणि रांगेत सगळे खिमावालेच होते. एका गृहस्थांनी पाकीट काउंटरवर आपटलं. "तव्यावर टाकलं तर तसंच्या तसं बसलं. मोकळं करायला उलथनं वाकलं माझं!" एका आजींनी आपली वाकडी बोटं वर धरली. "हे बघ बाळ, यांनी मी ते कसं उघडायचं ते सांग. शेजारणीकडे जाऊ का रोज?" त्यांच्या मागची बाई म्हणाली, "आणि आत काय भरलंय ते दिसतच नाही. चरबी आहे का मांस आहे, घरी गेल्यावर कळतं." काउंटरवरची मुलगी प्रत्येकाला एकाच सुरात सांगत होती, "तुमचं म्हणणं आम्ही वर कळवतो." वर म्हणजे कुठे, हे विचारलं की ती छताकडे बघायची.

बाईंचा नंबर आला. त्यांनी वासाचं सांगितलं. मुलीनं पाकीट उलटं केलं आणि मागचं वाचून दाखवलं. अक्षर मुंगीच्या डोळ्याएवढं. "उघडल्यावर वेगळा वास येऊ शकतो. हे नैसर्गिक आहे. दहा मिनिटं थांबा."

बाई हबकल्याच. म्हणजे वास होता! आपलं नाक ठीक होतं! त्यांनी मुलाकडे पाहिलं. पण तेवढ्यात आतून मॅनेजर आला. गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, चेहऱ्यावर ठेवणीतलं हसू. "हवा नसते ना आत, म्हणून येतो थोडासा वास, काकू. लगेच जातो. बहुतेकांना तर जाणवतही नाही. वयाप्रमाणे काहींना उगाचच जास्त वाटतो."

"वयाप्रमाणे?" बाईंचा आवाज चढला. "अरे, तुझ्या वयाचे ठेकेदार मी दारातून परत पाठवलेत. बंद करून ठेवलेल्या मांसाला वास येतो हे तुम्हाला माहीत होतं, मग तोंडानं सांगायला काय झालं होतं? समोर पान छापता, आणि कामाचं ते पाठीमागे?"

"लिहिलेलं आहे ना, काकू," मॅनेजर म्हणाला.

यावर रांगेतले गृहस्थ मोठ्यानं "वा!" म्हणाले. मुलगा मात्र म्हणाला, "थँक यू. आता कळलं. आई, चल." मॅनेजरला थँक यू! आपल्या पोटचा पोरगा! गाडीत बसल्यावर तो समजावणीच्या सुरात म्हणाला, "आई, आता एवढंच कर. दहा मिनिटं थांबत जा. वास आला की लगेच टाकायचं नाही. बस." बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या. भांडणात एरवी त्यांना शब्द कमी पडत नसत, पण त्या दिवशी त्या गप्प बसल्या. तिथंच चुकलं, असं माझं मत आहे. तिथं त्यांनी गाडी डोक्यावर घ्यायला हवी होती.

कारण तिसऱ्या पाकिटाच्या वेळी बाई थांबल्या.

सकाळी घरात फक्त त्या आणि आबा होते. पाकीट उघडलं, वास आला. बाईंनी ते पसरट भांड्यात काढलं आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसल्या. दहा मिनिटांनी आल्या. वास होता. पुन्हा जाऊन बसल्या, पुन्हा आल्या. होता, पण मघापेक्षा कमी? का तेवढाच? का आपल्यालाच उगाच जास्त वाटतोय? मागच्या दाराशी उभं राहून ज्या बाईंनी इतकी वर्षं कुठलाच माल दुसऱ्यांदा हुंगला नव्हता, त्या आता भांड्यावर वाकून तिसऱ्यांदा हुंगत होत्या आणि काही ठरवता येत नव्हतं. सुनेला फोन करावा असं मनात आलं. पण सून काय म्हणेल? म्हणणार नाही काही, विषय बदलेल. बाईंनी गॅस पेटवला.

आबा गोळ्यांमुळे सगळ्यांच्या आधी जेवत. ताट समोर आलं, त्यांनी मान वर केली. "बघितलंस?"

"जेवा," बाई म्हणाल्या.

दोन घास झाल्यावर आबा थांबले. "आज जरा वेगळं लागतंय."

"पॅकिंग बदललंय," बाई म्हणाल्या.

आबांनी मान हलवली आणि सगळं संपवलं. बाईंनी नंतर स्वतःला वाढून घेतलं. पहिला घास जिभेवर पडताच त्यांना कळलं, मांस खरंच नासलेलं होतं. तो त्यांनी थुंकला, पातेलं कचऱ्यात उपडं केलं आणि आबांपाशी धावल्या. आबा आरामात पेपर वाचत होते. चार वाजता त्यांच्या पोटात मुरडा सुरू झाला. संध्याकाळी उलट्या थांबेनात, हातपाय गार पडले, तेव्हा मुलानं त्यांना उचलून गाडीत घातलं.

नेलं त्याच इस्पितळात, जिथल्या मागच्या दाराशी बाईंचा जन्म गेला होता. सलाइन लागलं. दोन दिवस आबांनी डोळे धड उघडले नाहीत. डॉक्टर म्हणाले, या वयात एवढं पाणी अंगातून जाणं बरं नाही, अजून थोडा उशीर केला असता तर कठीण होतं. मग बाहेर, बाकावर, मुलगा आईशेजारी बसला. तिचा हात हातात घेतला. लहान मुलाला विचारावं तशा मऊ आवाजात म्हणाला, "आई, खरं सांग हं. मी रागावणार नाही. तुला वास आला नव्हता ना?"

बाईंनी हात सोडवून घेतला.

"आला होता."

"मग?"

"मग दहा मिनिटं थांबले."

बाईंना आता थांबायचं नव्हतं. "पाकिटावर लिहिलंय थांबा, तो पट्टेवाला म्हणाला थांबा, तू म्हणालास थांबा. मी थांबले! दोनदा थांबले! मला वास आला होता रे, पाकिटाला कात्री लावल्याबरोबर आला होता. पण तुम्ही सगळ्यांनी मिळून माझं नाक खोटं ठरवलंत, आणि मी मूर्ख, मीही ठरवलं. त्या प्लॅस्टिकवाल्यांवर विश्वास ठेवला आणि स्वतःवर नाही. माझा माणूस गेला असता आज!" जाणारी येणारी माणसं थबकून बघत होती. बघू देत. मुलानं खाली मान घातली होती. सून भिंतीला टेकून रडत होती. बाईंना कुणाचीही कीव आली नाही, स्वतःची तर मुळीच नाही.

तिसऱ्या दिवशी आबांना पहिल्यांदा खायला द्यायचं ठरलं. नर्स वाटीभर पातळ सूप घेऊन आली, गाजराचं. बाईंच्याच जुन्या स्वयंपाकघरातून आलेलं. मुलानं पलंगाचा डोक्याकडचा भाग वर केला. नर्सनं चमचा आबांच्या ओठांशी नेला, पण आबांनी तोंड मिटून घेतलं. कसाबसा हात उचलून त्यांनी वाटी बाईंकडे ढकलली. आवाज खोल गेला होता, पण शब्द तोच.

"बघितलंस?"

"ताजंच आहे, आजोबा," नर्स म्हणाली, "आत्ताच केलंय."

आबांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ते बाईंकडे बघत होते, लग्नापासून बघत आले होते तसे. मुलगाही आईकडे बघत होता. बाईंनी वाटी हातात घेतली आणि हुंगली. गाजर, मिरी, थोडं लोणी. चांगलं होतं. त्यांना माहीत होतं की चांगलं आहे. 'जेवा' म्हणायला त्यांनी तोंड उघडलं, पण शब्द काही बाहेर येईना. त्यांनी पुन्हा हुंगलं.

मग नर्सच्या हातातला चमचा घेऊन बाईंनी पहिला घोट स्वतः घेतला, गिळला, आणि मगच वाटी आबांपुढे केली. इतक्या वर्षांत असं त्यांनी कधीच केलं नव्हतं. आबांच्याही ते लक्षात आलं.