रोज नेसता ती साडी

"ही नको. रोज नेसता ती नाही का एखादी?"

मॅडम माझ्या आईला हे म्हणाल्या. आमच्याच खोलीत उभं राहून, पायातले बूट न काढता. मागे माझा अख्खा वर्ग, मोबाइल वर धरून.

आईने त्या दिवशी मोरपंखी साडी नेसली होती, मावसभावाच्या लग्नातली. मुलीच्या युनिव्हर्सिटीतले लोक घरी येणार म्हणून. सकाळपासून घावणे घातले होते, शेजारून कपबश्या मागून आणल्या होत्या. समाजशास्त्राच्या एमएच्या वर्गात मी आमच्या लोअर परळच्या चाळीवर निबंध वाचला होता. मॅडमना तो आवडला. 'आपण सगळे तुझ्याकडेच येऊ' म्हणाल्या. मी हुरळून गेले. मला पीएचडी करायचीय, प्राध्यापक व्हायचंय, आणि त्यासाठी मॅडमची मर्जी लागते, हे वर्गात सगळ्यांना माहीत होतं. मॅडमनाही माहीत होतं.

आमच्याकडे दिवसा दार लावत नाहीत. लोटलेलं दिसलं की गॅलरीतलं कुणीतरी विचारतंच, बरं नाही का कुणाला? दार उघडं असतं म्हणजे हाक मारा आणि या. पण हाक मारायची असते. चपला बाहेर काढायच्या असतात. चाळीतल्या शेंबड्या पोरालाही हे कळतं. यांनी हाक मारली नाही, सरळ आत शिरले. एकाने तर आमचं कपाट उघडून बघितलं. मॅडम वर्गाला समजावत होत्या, "नोट करा, प्रायव्हसी ही कल्पनाच इथे नाही."

आई तिथेच उभी होती. तिला सगळं कळत होतं. कसनुसं हसून म्हणाली, "चहा ठेवते हं."

आणि मग साडी.

"आम्हाला तुमचं रोजचं जगणं हवंय ना," मॅडम गोड आवाजात म्हणाल्या. "अशा नटून नको. आणि जरा खाली बसून काहीतरी निवडा."

आमच्याकडे ओटा आहे. आई उभ्याने स्वयंपाक करते. पण घरी आलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? खुंटीवरचा रोजचा जुना गाऊन घेऊन ती मोरीकडे गेली. मोरीला दार नाही, पडदा आहे. तिने पडदा ओढला. तेवढ्यात एकाने मोबाइल तिकडेच वळवला.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी पडद्यापुढे जाऊन उभी राहिले.

"फोन खाली कर."

"रिलॅक्स यार. घराचा फील घेतोय फक्त."

"खाली कर म्हटलं ना! आई, तू बदलू नकोस. तीच साडी ठेव. आणि तुम्ही सगळे बाहेर व्हा."

मॅडमचा गोडवा गेला. "विचार करून बोल. पुढे माझ्याकडेच यायचंय ना तुला?"

"यायचं होतं."

गेले सगळे. घावणे झाकलेलेच राहिले. भर दुपारी मी दार धाडकन लावलं. लगेच शेजारच्या काकींनी कडी वाजवली, "काय झाला गो?"

"काय नाय. पोरगी तापलीय जरा," आई पडद्याआडून म्हणाली. ती बाहेर आली तेव्हा अंगावर तीच मोरपंखी साडी होती. माझ्याकडे बघत म्हणाली, "नुकसान करून घेतलंस गो बाय."

घेतलं. दुसऱ्या दिवशी मॅडमनी वर्गासमोर सांगितलं, मी हिला पीएचडीला घेणार नाही, हिच्यात ऑब्जेक्टिव्हिटी नाही. खड्ड्यात गेली तुमची ऑब्जेक्टिव्हिटी! माझ्या आईला तिच्याच घरात कपडे बदलायला लावत होतात तुम्ही. का, तर तुम्हाला हवी तेवढी गरीब ती दिसली नाही म्हणून.

पीएचडी मी करणारच. दुसऱ्या गाइडकडे, शहर बदलावं लागलं तरी. विषयही ठरलाय. आमच्या चाळीसमोर गिरणीच्या जागेवर टॉवर उभा आहे. मॅडम तशाच एका टॉवरमध्ये राहतात. असल्या टॉवरमधल्या दारांवर मी जाणार आहे. बेल वाजवीन, चपला बाहेर काढीन, आत येऊ का विचारीन. आणि सांगीन, तुमचं रोजचं जगणं बघायला आलेय. आता प्रश्न मी विचारणार.