कॉलरीच्या आतलं आडनाव

शिंपीकाम करणाऱ्या मास्तरांचं आडनाव उसवे. ते काही कुठल्या गावावरून आलेलं नाही. त्यांचे पणजोबाही शिंपी. एक टाका वाकडा पडला की पठ्ठ्या अख्खी शिवण उसवायचा आणि पहिल्यापासून घालायचा. गिऱ्हाईक दारात ताटकळतंय आणि हा मान खाली घालून ब्लेड चालवतोय. वैतागलेल्या लोकांनी 'आले उसवे' म्हणायला सुरुवात केली, तर या गृहस्थानं तीच चेष्टा पाटीवर रंगवून घेतली.

पुढे मास्तर शाळेत शिकत असताना हजेरीच्या वेळी वर्ग त्यांना हसायचा. लग्नात बायकोच्या मैत्रिणी म्हणाल्या, "बाई गं, संसार तरी शिवून ठेवतील ना?" पण कोटाच्या कॉलरीत ती तीन अक्षरं दिसली की गिऱ्हाईक हसत नसे. मास्तरही पणजोबांसारखेच उसवत बसायचे.

मग पुतण्यानं कपड्यांचा कारखाना काढला. पेढ्यासारखं गोड तोंड करून आला. "काका, इथं सही करा. आपलं नाव मोठं करतोय." एका टाक्यासाठी शिवण मोडणाऱ्या या माणसानं एक ओळही न वाचता चार ठिकाणी सह्या ठोकल्या. चष्मा विसरला होता म्हणावं, तर तो नाकावरच होता.

वर्षभरात पुतण्याच्या वकिलाचं पत्र आलं. दुकानावर, लेबलावर 'उसवे' लिहायचं नाही. मास्तरांनी फोन लावला.

"अरे, आडनाव आहे ते माझं."

"मग वापरा की, काका. दारावर, लाइटबिलावर. कपड्यांवर तेवढं नको."

पाटीवर पांढरा रंग फिरला. उरलं नुसतं 'टेलर'. बायको एवढंच म्हणाली, "माझ्या मैत्रिणींना आता हसायलाही काही उरलं नाही."

परवा एक गिऱ्हाईक शर्ट घेऊन आलं. दोन धुण्यांत बाही खांद्यापासून सुटलेली. त्यानं कॉलर उलटी करून दाखवली. "तुमचंच नाव आहे ना? मग तुम्हीच निस्तरा."

मास्तरांनी शिवण पाहिली. तीन टाके धरले होते, बाकी नुसता दोरा. दोन टाके मारून दिले असते तरी चाललं असतं. पण हात ऐकेना. ब्लेड निघालं, दोन्ही बाह्या सुटल्या आणि संध्याकाळपर्यंत पुन्हा बसल्या. लेबलाखालून ब्लेडचं टोक एकदा फिरलं. मास्तरांनी ते मागं घेतलं. शर्ट दुसऱ्याचा, आणि नावही.

गिऱ्हाइकानं बाही ओढून पाहिली. तसूभर हलली नाही.

"बघा," ते खूश होऊन म्हणालं, "शेवटी माल उसव्यांचाच. आता आणखी दोन घेतो."

आणि ते पुतण्याच्या दुकानाकडे निघालं.