मागच्या दाराचा उतार

मे संपत आला होता. पावसाआधी कौलं परतून घ्यायची म्हणून आमचे हे सकाळीच छपरावर चढले. दुपारी दुसऱ्या शिफ्टला कंपनीत जायचं होतं, त्यामुळे घाई. मी स्वयंपाकघरात होते. वरून कौल फुटल्याचा आवाज आला आणि मग काहीच आवाज आला नाही. मागे धावत गेले तर मोरीच्या दगडाशेजारी ते उताणे पडलेले. डोळे उघडे होते. मला म्हणाले, "माझे पाय सरळ कर गो, वाकडे झालेत."

पाय सरळच होते.

पावसाळा मुंबईच्या हॉस्पिटलात गेला. मणका मोडला होता. डॉक्टर भले होते, पण गोड बोलून फसवणारे नव्हते. पाय पुन्हा चालणार नाहीत, हे त्यांनी यांच्यासमोरच सांगितलं. सासूबाईंना ते कळलं की नाही कोण जाणे, कारण त्या नंतरही रोज यांच्या तळपायांना खोबरेल चोळत राहिल्या.

चाकांची खुर्ची घेऊन आम्ही आमच्या गावी, अष्टमीला, परत आलो, तेव्हा दारात पहिली अडचण उभी राहिली. कुंडलिका नदीचं पाणी घरात शिरू नये म्हणून सासऱ्यांनी जोतं चांगलं उंच बांधलं होतं. आजवर सगळे त्याचं कौतुक करायचे. वर जायला काळ्या दगडाच्या उभ्या पायऱ्या. चौघांनी मिळून खुर्चीसकट यांना उचलून ओटीवर ठेवलं. आमचे चुलत सासरे, शेजारच्याच घरातले काका, सगळ्यांत पुढे होते. धाप लागली तरी हसत म्हणाले, "पालखीतला देव झालास रे!"

हे हसले नाहीत. त्यानंतर कितीतरी दिवस घराबाहेर पडले नाहीत. मी म्हटलं, "जरा पुलापर्यंत तरी जाऊ." तर म्हणाले, "चार माणसं बोलवायची, उचलायचं, परत आणायचं. लोकांना कामंधामं नायत का?"

म्हणून उतार करायचं माझ्या मनाने घेतलं.

माझं माहेर पेणला, रामवाडीत. भाऊ गणपतीच्या कारखान्यात कामाला. मोठ्या मूर्ती टेम्पोत चढवायच्या फळ्या त्यांच्याकडे पडून असायच्या, त्यातल्या दोन जाड फळ्या घेऊन तो आला. पायऱ्यांवर टाकून त्याने खाली वीट लावली, वर उभा राहून नाचून दाखवलं. "मूर्ती सुखरूप उतरतात, भावजी, तुम्ही काय!"

हे तयार झाले. मी खुर्ची मागून धरली, भाऊ पुढे. आमची दोघांची समजूत अशी की उतार म्हणजे उतार, त्यात काय मोठंसं? पण जोत्यापासून अंगणापर्यंत त्या फळ्या एवढ्या उभ्या पडल्या होत्या की खुर्ची कडेवर येताच माझ्या हातातून सगळं वजन निसटलं. भाऊ बाजूला फेकला गेला. खुर्ची सुटली आणि समोरच्या फणसावर जाऊन आपटली.

हे खुर्चीतच होते. म्हणाले, "काय नाय झालं, काय नाय झालं." मग मी त्यांचं धोतर रक्ताने भिजताना पाहिलं. नडगी हाडापर्यंत फाटली होती आणि त्यांना पत्ताच नव्हता. मी धोतर वर केलं तेव्हा त्यांनी वाकून त्या जखमेकडे बघितलं, जसं दुसऱ्या कुणाचं काही बघावं. तोवर मी रडले नव्हते. तिथे रडले.

जखम भरायला फार वेळ लागला. दरम्यान मी हॉस्पिटलातला उतार आठवत बसायचे. तो लांबच लांब होता, मध्ये वळायचा, आणि तिथली बारीक चणीची आयासुद्धा माणूस एकटी न्यायची. आम्हाला तसा हवा होता. गवंड्याला बोलावलं. त्याने दोरी लावून पाहिली आणि मान हलवली. आमचं अंगण अरुंद. एवढ्या उंच जोत्याला सोपा उतार द्यायचा तर तो भिंतीच्या कडेने शेजारी काकांच्या अंगणात बराच आत जाणार होता.

मी काकांकडे गेले. दुपारची वेळ, ते ओटीवर सुपारी कातरत बसले होते. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पोरी, उचलायला मी कधी नाय म्हटलंय?"

"नाही, काका."

"हाक मार. कधीपण मार. ह्या खांद्यावर नेईन त्याला. पण बांधकाम नको. आज उतार, उद्या माझी नातवंडं आणि तुमची पोरं कोर्टात. हे मी माझ्या बापाच्या वेळेला बघितलंय."

"आम्हाला पोरं नाहीत, काका," मी म्हटलं.

त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. मला वाटलं, आता हो म्हणतील. पण ते फक्त म्हणाले, "तरीपण नको गो."

दोन्ही घरांची भिंत पातळ. मी परत आले तेव्हा यांनी सगळं ऐकलेलं होतं. संध्याकाळी म्हणाले, "मागच्या दारानं करू."

मागे परसात लांबी होती, मोरीपासून थेट गल्लीच्या कुंपणापर्यंत. पण सासूबाई उसळल्या. "माझा पोरगा घराच्या मागच्या दारानं जायचा व्हय? भांडी घासतात तिथनं? जिथं पडला तिथनं?"

"आई, पुढच्या दारानं जायला मला चार माणसं लागतात. मागनं एक पुरतं."

सासूबाईंनी यांच्या तोंडावर हात ठेवला. "असं अभद्र बोलू नको." त्या रात्री जेवल्या नाहीत. पण सकाळी गवंडी आला तेव्हा मोरीवरची भांडी त्यांनीच हलवली.

उतार झाला. आम्ही तो सिमेंटचा केला, वर खडबडीत ठेवला, कडेला लोखंडी पाइप. मी एकटी यांना उतरवू लागले. रोज संध्याकाळी ते मोरीजवळून, त्या दगडाला खेटून बाहेर पडायचे, आणि तो दगड आला की मान दुसरीकडे वळवायचे. दगड काढून टाकू का, असं मी एकदा विचारलं. "राहू दे," म्हणाले. गल्लीतून आम्ही नदीवर जायचो. पुलावरून कंपनीची बस जाताना आतून कुणीतरी हात करायचं. पहिले काही महिने बरेच हात असायचे.

मला वाटलं होतं, उतार झाला की घरातला कोंडमारा सुटेल. तसं झालं नाही. ते बाहेर यायचे, बसायचे, परत यायचे. बोलणं कमी होत गेलं. बसून बसून पाठीखाली जखम झाली, ती आम्हाला उशिरा कळली, कारण दुखणं सांगायला तिथे काही जागंच नव्हतं. पुढच्या पावसाळ्यानंतर ताप सुरू झाला. हॉस्पिटल, घर, पुन्हा हॉस्पिटल. दिवाळीच्या आधी ते गेले.

काका आले. पुढे झाले, खांदा दिला, नदीपर्यंत बदलू दिला नाही. सासूबाईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही, पुढे कधी बोलल्याही नाहीत. मला मात्र त्या माणसाचा धड राग करता आला नाही. जागा दिली नाही हे खरं, आणि त्या दिवशी त्यांचा खांदा सोलवटला होता हेही खरं.

खुर्ची घरात नको झाली होती. पेणला भावाच्या ओळखीचं एक घर होतं, मिठागरावर काम करणारं. त्यांच्या मुलीचे पाय लहानपणापासून लुळे, आई तिला अजून कडेवर घेऊन फिरायची आणि मुलगी आता वयात आलेली. भाऊ टेम्पो घेऊन आला, मीही सोबत गेले.

त्या घराला दोनच बुटक्या पायऱ्या होत्या. मुलीला खुर्चीत बसवलं, तिने चाकांना हात लावला आणि स्वतःच थोडी पुढे सरकली. तिची आई पायऱ्यांकडे बघत म्हणाली, "हितं फळी टाकली तर चालंल ना, ताई?"

"फळी नको," मी म्हटलं. "भराव घालून लांब उतार करा. घाईत करू नका." समोर मोकळी जागा होती, मी चालून दाखवलं कुठपर्यंत न्यायचा ते. तिने सगळं नीट ऐकलं. निघताना चहा दिला, माझा हात धरला.

"तुमचे मालक आता चालतात ना?" तिने विचारलं. "खुर्ची मोकळी झाली म्हणून विचारते."

भाऊ टेम्पोची दोरी गुंडाळत होता, तो थांबला. मुलगी माझ्याकडे बघून हसत होती.

"व्हय," मी म्हटलं. "चालतात."