सोपानतात्यांची बारा मेंढरं

कऱ्हाटीचे सोपानतात्या माणसाला नमस्कार करत नसत, हनुवटी धरत. अंगठा आणि दोन बोटांत हनुवटी पकडायची, तोंड उजेडाकडे वळवायचं, एक डोळा मिटून निरखायचं आणि मग म्हणायचं, "हां, बसा." एकदा भर सभेत त्यांनी एका तहसीलदाराची हनुवटी धरली. साहेबांच्या तोंडातलं पान जागच्या जागी थिजलं. "डावा कान जरा खाली हाय," तात्या म्हणाले, "पर तोंड झ्याक हाय." त्या दिवसापासून साहेब फोटोत मान तिरकी धरू लागले, असं सारा तालुका सांगतो. आता तालुक्याला ते मीच सांगितलं, ही गोष्ट वेगळी.

माझी हनुवटी त्यांच्या हाती लागली ती बारामतीच्या एसटी स्टँडवर. मी शाळेतला चित्रकलेचा मास्तर. सरकारी परीक्षा पास होऊन वीस वर्षं फळ्यावर मडकं, आंबा आणि मावळता सूर्य काढत आलो होतो. तात्यांनी माझं तोंड फिरवलं, पिशवीतून जुन्या कॅलेंडरचं पान काढलं आणि कोऱ्या पाठीवर कोळशाच्या चार रेघा ओढल्या. इंदापूरची गाडी लागायच्या आत मी कागदावर हजर! मिशीत अडकलेल्या शेवेच्या कणासकट. मी तिथल्या तिथे मिशी झाडली आणि मनातल्या मनात माझं सर्टिफिकेटही.

कोळसा घरचा होता. तुरीच्या वाळक्या काटक्या पत्र्याच्या डब्यात कोंबायच्या, झाकण मातीनं लिंपायचं आणि डबा चुलीच्या निखाऱ्यांत पुरायचा. घरामागची कडब्याची खोली हा त्यांचा स्टुडिओ. आत कोळशाची भुकटी इतकी, की पांढरं मांजर एका दारानं शिरायचं आणि खिडकीतून काळं होऊन बाहेर पडायचं.

तात्यांच्या घरी पूर्वी मेंढरांचा मोठा कळप होता. मग विहिरीला पाणी लागलं, पोरांच्या शाळा सुरू झाल्या, आणि हौसाकाकूंनी, म्हणजे तात्यांच्या मंडळींनी, हट्ट धरला: आता रानोमाळ हिंडणं पुरे. कळप विकला. त्याच साली तात्यांनी कोळसा हातात घेतला.

गावात पहिला एसटीडी बूथ आला, त्या वर्षी इंदापुरात हस्तकलेचं आणि चित्रांचं प्रदर्शन भरणार होतं. अट अशी: एकाच विषयावरची बारा वेगवेगळी चित्रं. मी सोमवारी कऱ्हाटीला जाऊन ही बातमी दिली, तेव्हा काकू दारातच कांदा निवडत होत्या.

"मास्तर, तुमीच यांना नादी लावलंय," त्या म्हणाल्या. "कांदा हितं उघड्यावर सडतोय आन् खोलीत ह्यांचा कोळसा ऐसपैस पसरलाय. येत्या ऐतवारी बक्षीस आणलं तर खोली ह्यांची. न्हाय तर सोमवारी मी तितं कांदा भरणार."

"भर की," तात्या आतून म्हणाले.

"आन् गावच्या हनुवट्या धरत हिंडता, माझं एक तोंड तरी काढलं का कधी?"

आतून नुसता कोळसा कागदावर खरखरला.

आठवडाभर मी शाळा सुटली की कऱ्हाटीची गाडी पकडायचो. तात्यांनी विषय धरला मेंढरांचा; मंगळवारी दोन मेंढ्या झाल्या होत्या, बुधवारी चार. समोर एकही मेंढी नाही, हे डोळे मिटून बसायचे आणि उघडले की काढायचे. शनिवारी बाराव्या पानावर शेवटचा कान उमटला, तेव्हा मी काकुळतीला आलो.

"तात्या, खाली नावं तरी लिहा. मला सगळ्या एकसारख्या दिसतात."

"मास्तर, तुमच्या वर्गात पोरांच्या कपाळावर नावं लिवता का? तोंड हाय की प्रत्येकीला."

रविवारी इंदापूरच्या हॉलमध्ये एका भिंतीवर विणलेली तोरणं, दुसरीवर काड्यांचे ताजमहाल आणि मधल्या भिंतीवर तात्यांची बारा मेंढरं. पुण्याहून आलेले परीक्षक चष्मा पुसत आले, एकदा डावीकडून उजवीकडे गेले, एकदा उजवीकडून डावीकडे.

"हे बाद," ते म्हणाले. "बारा वेगवेगळी चित्रं मागितली होती. ही एकाच मेंढीची बारा आहेत."

तात्यांचा चेहरा मी कधी उतरलेला पाहिला नव्हता. त्या दिवशी पाहिला. ते पहिलं पान काढायला खिळ्याकडे हात नेणार, एवढ्यात दारातून हौसाकाकू आल्या. काखेत नवी कोरी बारदानं होती. सोमवारच्या कांद्यासाठी बाजारातून घेऊनच आल्या होत्या, इतकी त्यांना खात्री! त्या पहिल्या चित्रासमोर आल्या आणि बारदानं धपकन खाली पडली.

"आगं बया, चांदी!"

मग त्या भिंतीच्या कडेनं निघाल्या. "ही भिंगरी, उगा गरगर फिरायची. ही रुसकी. हा मामलेदार एडका, सगळ्यांना ढुशा द्यायचा. ही काजळी..." काजळीपाशी त्यांनी पदर डोळ्याला लावला. "आवं, हिला कशाला इकली आपण?"

परीक्षक हसले. "बाई घरच्या आहेत. पाठ करून आल्या असतील."

आता मला चेव चढला. मी बाजारात धावलो, असा, की वाटेत एक मोटारसायकल मागे पडली. (ती बंद होती.) कळप विकत घेतलेले मल्हारीआबा मेंढरांच्या बाजारात सौदा करत होते. त्यांना तंबाखूच्या चिमटीसकट ओढत आणलं. परीक्षकांनी तोवर सगळी पानं उतरवून उलटसुलट लावली होती. आबांनी लाल पटका मागे सारला.

"हा मामलेदार. माझ्याकडं आला तवा कानाचा टवका उडालेला, हितं बगा. ही रुसकी. ही काजळी, औंदा जुळी झाली हिला. ही चांदी..."

बाराच्या बारा. एकही नाव इकडचं तिकडं नाही. शेवटी आबा परीक्षकांकडे वळले. "सायेब, तुमाला ही येकच दिसली व्हय? मग तुमच्यापुढं आमीबी सगळी येकच!"

हॉल असा गडगडला, की काड्यांचा एक ताजमहाल बसला. परीक्षक मात्र माणूस मोठा निघाला. चष्मा काढून पुन्हा भिंतीपाशी गेला, एकेका मेंढीला नाक टेकवून पाहू लागला, आणि पहिलं बक्षीस, स्टीलची ही एवढी कळशी, स्वतःच्या हातानं तात्यांना दिली. तात्यांनी कळशी काखेत घेतली आणि मोकळ्या हातानं त्याची हनुवटी धरली.

"हां," ते म्हणाले. "आता बगताय."

सोमवारी सकाळी मी रजा टाकून कऱ्हाटीला गेलो. कांदा घराच्या माजघरात, छपरापर्यंत. खोलीत काकूंनी नवं बारदान अंथरलं होतं, पदर नीट करून त्यावर बसल्या होत्या, आणि कळशी शेजारी, दिसेल अशी.

"काढा आता तोंड," त्या म्हणाल्या, आणि हनुवटी आपण होऊन पुढं केली.

तात्यांनी ती धरली नाही. काकूंकडे चक्क पाठ करून खिडकीकडे तोंड केलं, डोळे मिटले आणि कोळसा उचलला.

"आवं, हिकडं बगा की!"

"तुला काय बगायचं, हौसे?" तात्या म्हणाले. "गप बस. इसरलो कुठं ते मागनं सांग."

तासाभरानं पान काकूंच्या हातात आलं. त्या कितीतरी वेळ शोधत राहिल्या. चूक काही सापडली नाही.