बबनरावांनी पसंत केलेलं दुकान

"बबनराव गेले," असं त्यांच्या सुनेनं फोनवर सांगितलं, तेव्हा मला आधी संशयच आला. त्याच सकाळी गृहस्थानं मला फोन करून मालवणच्या समुद्रात उतरायचा बेत पक्का केला होता. त्यांच्या गावी, सणसरला पोचलो, अंगणात चपलांचा ढीग दिसला, तेव्हा कुठं पटलं... भेटायला येणाऱ्यांना वेगळाच संशय. "पाण्याखाली जायचे, त्यानं झालं का?" नाही हो. जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

मी बारामतीचा निवृत्त शिक्षक, ते ऊसवाले. त्यांच्या आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती. कुणाच्या विहिरीत कळशी पडो की मोटार, बुडी मारायला बबनरावच. "मास्तर, जन्मभर बुड्या मारल्या," ते म्हणायचे, "पर तळाला निवांत बसाया न्हाय मिळालं. दम संपतो, वर यावं लागतं. एकदा बसायचं हाय." साठीनंतर स्कुबा, म्हणजे पाठीवर हवेचं सिलिंडर बांधून पाण्याखाली जायला शिकायचं खूळ निघालं ते यातून. त्याचं सामान देऊन शिकवणारं दुकान निवडायची जबाबदारी मी हौसेनं घेतली, त्यामुळं फजितीचा मानही माझ्याकडंच आला.

बारामतीतलं एक काचेचं दुकान मला फार आवडलं. गार हवा, 'सर, सर' करणारा मालक आणि कशालाही नकार नाही. त्यानं दिलेला काळा रबरी पोशाख पडद्यामागं झटापट करून अंगावर चढवला आणि बाहेर आलो. "वा सर! तुमच्यासाठीच शिवलाय!" मालक म्हणाला. मी पोट आत घेऊन आरशापुढं उभा. बबनरावांनी भिंतीवरचं चित्र पाहिलं, मग मला पाहिलं. "मास्तर, त्या गड्याची चेन पाठीवर हाय. तुमची बेंबीवर कशी?" तो पोशाख उतरवायला दोघांना मला दोन बाजूंनी ओढावं लागलं. रस्त्यावर आल्यावर ते म्हणाले, "उलटं घातलं तरी ह्यो वा म्हणतोय. खाली माझा दम कोंडला तरी 'वा!'च म्हणंल."

इंदापुरातलं दुसरं दुकान म्हणजे पोहण्याच्या तलावाशेजारची पत्र्याची शेड. मालक समीर, कपाळावर कायम आठी. बबनरावांनी सिलिंडरची हवा थोडी सोडून हुंगली. "कुठली भरता ही?" समीरनं मागं नेऊन हवा भरायचं यंत्र दाखवलं, बाहेरची हवा ओढणारा, धुरापासून लांब उंच नेलेला पाइप दाखवला. मग त्याची पाळी.

"आबा, बीपीची गोळी चालू आहे?"

"न्हाय बा."

"मग खिशातनं काय डोकावतंय?"

गोळ्यांचं पाकीटच होतं. डॉक्टर हो म्हणेपर्यंत पाण्यात घेणार नाही, असं त्यानं तोंडावर सांगितलं. मी भडकलो. गाडीत बसताच म्हणालो, "गेला उडत! दुसरं दुकान बघू." बबनराव मात्र खुशीत. "आवो, ह्येच दुकान! त्यो माझ्यावर सुदीक इस्वास ठेवत न्हाय."

मग या माणसानं मीठ कमी केलं, ठेचा सोडला, रोज बांधावरून चालणं सुरू केलं. काही महिन्यांनी डॉक्टर हो म्हणाले. तलावात उतरलो त्या दिवशी मी पहिल्याच श्वासाला निम्मा तलाव पिऊन काठावर आलो. खाली स्वच्छ पाण्यात बबनराव मांडी घालून बसलेले. बुडबुडे येत होते, माणूस हलत नव्हता. मी घाबरून बुडबुड्यांवर नजर ठेवून... समीरनं वर चला अशी खूण केली, तर यांनी त्यालाच बस म्हणून खुणावलं! शेवटी वर आले. "काय होतं खाली?" मी विचारलं.

"काय न्हाय. म्हणून तर बसलो."

मालवणचा समुद्र मात्र राहिला.

परवा इंदापूरला गेलो. बबनरावांचा मास्क समीर आता कुणाला देत नाही, खिळ्याला टांगून ठेवलाय. पट्टा त्यांच्या भल्या मोठ्या डोक्याच्या मापाचा. मी तोच मागितला. त्यानं खिळ्यावरून काढून दिला. "काका, पट्टा आवळा. पाणी शिरेल." मी आवळला नाही.

पाण्याखालून वर आलो तेव्हा मास्कात पाणी होतं. ते सगळंच तलावाचं असेल का, असा संशय समीरच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता. मी काही तो फेडला नाही.