टेपमधून कापलेला खोकला

आमच्या हौशी नाटक मंडळात बाबा पेटी वाजवायचे. नाटक कोणतंही असो, रंगमंचाखाली उजव्या कोपऱ्यात बाबा आणि त्यांची पेटी ठरलेली. सत्तरच्या दशकात संधिवातानं त्यांची बोटं आखडली आणि एका संध्याकाळी दिग्दर्शक आमच्या घरी चहा पिता पिता म्हणाला, "काका, आता तुम्ही आराम करा. यंदा रेकॉर्डवरचं म्युझिक लावू." बाबा नुसते "बरं" म्हणाले. माझं मात्र डोकं फिरलं. त्याचा चहा संपायच्या आत मी जाहीर केलं की पेटी आमचीच वाजेल, टेपवर वाजेल, आणि ती टेप मी तयार करीन. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. मी शाळेत शास्त्र शिकवायची, एवढंच.

शाळेचा स्पूलचा टेपरेकॉर्डर मागून आणला. प्रतापनगरातल्या आमच्या घरात मे महिन्यात रेकॉर्डिंग करायचं म्हणजे कूलर बंद, पंखा बंद, खिडक्या बंद. बाबा घाम पुसत एखादी ओळ वाजवायचे, बोट अडकलं की थांबायचे, पुन्हा सुरू करायचे. अख्खी धून एका दमात कधीच झाली नाही. मग मी चांगल्या जागा निवडायची, दाढीच्या ब्लेडनं फीत तिरकी कापायची आणि चिकटपट्टीनं सोमवारच्या ओळीला शुक्रवारची ओळ जोडायची. तुकडे हरवू नयेत म्हणून कपड्यांच्या दोरीवर चिमटे लावून टांगले होते, प्रत्येकाला चिठ्ठी: 'भांडण', 'पत्र येतं', 'रडणं'. आई धुतलेली साडी हातात घेऊन बघत राहिली आणि म्हणाली, "तुह्या बाबाले वाळू घातलं का वं दोरीवर?"

पहिली जोडलेली धून बाबांना ऐकवली. त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकली. "ब्येस वाजवते हा माणूस," म्हणाले आणि पाणी प्यायला उठून गेले. मला फार वाईट वाटलं. पण तालीम तोंडावर आली होती, म्हणून पुढचा तुकडा कापायला घेतला.

तालमीत टेप लावली. पेटी सुरू झाली, पण नायिका येईना. धून संपली तरी येईना. दिग्दर्शक ओरडला, "एन्ट्री काहून नाही घेतली वं?"

"मी वाट पाहून राहिली ना! काका खोकलेच नाही!" ती विंगेतूनच म्हणाली.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. बाबांना पेटीवर बोट ठेवण्याआधी एकदा खोकायची सवय होती. विंगेतून त्यांचे हात दिसत नसत, त्यामुळे सगळी मंडळी वर्षानुवर्षं त्या खोकल्यावर पाऊल उचलत आली होती. पाऊल रंगमंचावर पडेपर्यंत पहिला सूर निघायचा. हे कोणी कधी ठरवलं नव्हतं, त्यामुळे मला सांगणार तरी कोण? मी प्रत्येक ओळीच्या तोंडचा खोकला शिस्तीत कापून काढला होता. संगीतात खोकला कोण ठेवतं?

घरी आल्यावर सांगितलं, तर बाबा कितीतरी दिवसांनी पोट धरून हसले. "माह्या खोकल्यानं तुह्यं काय बिघडवलं होतं वं?" मी त्यांच्यापुढे माइक धरला आणि म्हटलं, खोका. त्यांना जमेना. जे निघालं ते नाटकातल्या म्हाताऱ्याचं खोकणं होतं. मग कापलेल्या फितींचा बिस्किटाचा डबा उपसला. एकेक कपटा मशीनवरून हातानं ओढून ऐकला: श्वास, भात्याची कुरकूर, आईची हाक, आणि मध्ये मध्ये खोकले. ते वेचून प्रत्येक धुनेच्या तोंडी पुन्हा जोडले.

प्रयोगाच्या दिवशी मी विंगेत टेप घेऊन बसले. बाबांना पहिल्या रांगेत बसवलं होतं. पडदा उघडायच्या आत ते उठले आणि खाली कोपऱ्यात, आपल्या जुन्या जागी खुर्ची ओढून बसले. पुढ्यात पेटी नव्हती. पहिल्या एन्ट्रीची वेळ आली. मी बटण दाबणार, तोच बाबा खोकले. खरे, सवयीनं. नायिका तडक आत गेली. मी घाईनं बटण दाबलं, टेपमधले बाबा तिच्यामागून खोकले आणि मग पेटी वाजली. प्रेक्षकांत थोडा हशा पिकला. दिग्दर्शकानं माझ्याकडे डोळे वटारले. मी बाबांकडे बघत होते. ते ताठ बसले होते, पुढच्या एन्ट्रीची वाट बघत.

दुसऱ्या दिवशी मी ब्लेड घेतलं आणि टेपमधले सगळे खोकले पुन्हा कापून टाकले. त्यानंतर दर प्रयोगाला बाबा इस्त्रीचा सदरा घालून माझ्याबरोबर निघायचे. पेटी घरीच असायची. कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून ते खोकले की नायिका पाऊल उचलायची आणि मी बटण दाबायची.