पाणी किती अंशांवर उकळतं

बहिणीचा देवासहून फोन आला तेव्हा मी शाळेतून येऊन नुकती चप्पल काढत होते. "तू तिला समजाव," ती म्हणाली. "तुझंच ऐकते ती. शंभर लिही म्हणावं आणि विषय संपव." ती म्हणजे माझी भाची, नववीतली. त्यांच्या शाळेत पाणी किती अंशांवर उकळतं ते पाहायचं प्रॅक्टिकल होतं. हिला थर्मामीटरवर अठ्ठ्याण्णव दिसले, हिने अठ्ठ्याण्णव लिहिले. सरांनी लाल रेघ मारली आणि "सही करके लाओ", म्हणजे बरोबर करून आण, म्हणून फाइल परत दिली. हिने पुन्हा अठ्ठ्याण्णवच लिहून नेले. आता सर प्रॅक्टिकलचे नंबर कापणार म्हणत होते.

माझं डोकंच फिरलं. मी स्वतः इथे धारला विज्ञान शिकवते, तेव्हा हा रिवाज मला नवा नाही. आमच्याकडे प्रॅक्टिकल उलटं चालतं. उत्तर आधी पुस्तकातून उतरवायचं आणि मग त्याला शोभतील अशी रीडिंगं मागे मागे भरत जायचं. खरं वाटावं म्हणून मध्येच एक साडेनव्याण्णव टाकायचं, ही हुशारी वरच्या वर्गातल्या मुली खालच्यांना शिकवतात. बर्नर पेटला नाही तरी फाइल पूर्ण होते. आणि धार काय, देवास काय, दोन्ही गावं माळव्याच्या पठारावर, समुद्रापासून चांगली उंच. वर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी इथे शंभराच्या आधीच उकळतं. अख्ख्या वर्गात हिने एकटीने बरोबर पाहिलं, आणि लाल रेघ हिलाच.

रविवारी सकाळीच बस पकडली. शाळेचा थर्मामीटर लोकरीच्या मोज्यात घालून पर्समध्ये ठेवला होता. इंदूरला बस बदलताना ढकलाढकलीत मोडेल म्हणून मी पर्स पोटाशी धरून उभी. कंडक्टर म्हणाला, "मॅडम, सोना है क्या?" मी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सरांना काय काय ऐकवायचं ते मनात जुळवत होते.

लहानपणी या पोरीने माझं डोकं खाल्लं होतं. दूध उतू जातं तर पाणी का नाही जात? आरतीच्या कापराची राख का उरत नाही? मी भाजी निवडत असले तरी समोर येऊन बसायची आणि हनुवटी धरून माझं तोंड आपल्याकडे वळवायची. कधी कधी वैताग यायचा, पण दोन दिवस कोणी काही विचारलं नाही की चुकल्यासारखं व्हायचं. आता मी घरात शिरले तर बाईसाहेब मोबाइलमधून मान वर करेनात.

मी तिला ओढतच स्वयंपाकघरात नेलं. पातेलं गॅसवर ठेवलं, लाटणं आडवं टाकलं आणि त्याला सुतळीने थर्मामीटर पाण्यात लोंबता बांधला. बहीण म्हणाली, "घ्या, आता पोळ्या कशाने लाटू?" पाणी खळखळायला लागलं. पारा अठ्ठ्याण्णवला थांबला आणि तिथून हलेना.

"बघ," मी म्हणाले. "तुझंच बरोबर होतं."

"थर्मामीटर खराब असेल, मावशी."

"अगं, तुमच्या शाळेतला वेगळा, हा वेगळा. दोन्ही सारखेच खराब कसे असतील?"

"मतलब, सगळ्या क्लासचं शंभर आलं ना. माझंच नाही आलं." ती सुतळी सोडायला लागली. "मला बघताच येत नाही नीट. जाऊ दे, मी अकरावीत कॉमर्स घेणार आहे."

कॉमर्स घेतलं म्हणून कोणाचं वाटोळं होत नाही, खुशाल घ्यावं. नंबर गेले तरी मला सोयरसुतक नव्हतं. पण ही मुलगी स्वतःच्या डोळ्यांवर अविश्वास दाखवून विज्ञान सोडत होती, आणि तेही जे बरोबर पाहिलं त्यासाठी. मी सरांना भेटते म्हणाले, तर बहिणीने हात जोडले. "मुळीच नाही. तू भांडून धारला निघून जाशील. तिला वर्ष काढायचंय तिथे." तिचंही चुकत नव्हतं. तशीच परतले.

पुढचे काही दिवस मला चैन पडेना. वर्गात शिकवताना मध्येच थांबायचे. कुकरची शिट्टी झाली की चिडायचे, जणू काही त्यानेच लाल रेघ मारली. मग अचानक डही गावाची आठवण झाली. माझी एक जुनी मैत्रीण, आमच्याच शाळेत होती, तिची तिकडे बदली झालीय. डही आमच्याच जिल्ह्यात, पण पठार उतरून पार खाली, नर्मदेच्या बाजूला. तिथे हाच थर्मामीटर जास्त दाखवायला हवा. खराब असेल तर तिथेही अठ्ठ्याण्णवच दाखवील. पोरीला एवढा पुरावा पुरे, असं मला वाटलं.

थंडीच्या सुट्टीत तिला धारला आणलं आणि दुसऱ्या दिवशी डहीच्या वाटेला लागलो. रस्ताभर माझी टकळी चालू. हवेलाही वजन असतं, खाली उतरू तसं ते वाढतं, वाफेला बाहेर पडायला जास्त जोर करावा लागतो, कुकरमध्ये हेच होतं. घाट उतरलो तशी हवा ऊबदार झाली, बसमध्ये लोकांनी स्वेटर काढले, तर मी तेही उदाहरणात ओढलं. "बघशील तू," मी म्हणाले, "तिथे पारा नव्याण्णवच्या वर जातो की नाही." ती प्रत्येक वाक्याला मान हलवत होती. मला बरं वाटलं. पोरीला पटतंय म्हणायचं.

मैत्रिणीने पातेलं दिलं, लाटणं दिलं, वर म्हणाली, "एवढ्या लांब पाणी उकळायला आलीस? निदान त्यात चहा तरी टाकू दे." पाणी उकळायला लागलं. मी भाचीला पुढे केलं. तिने वाकून पाऱ्याच्या पातळीला डोळा आणला, अगदी आणायचा तसा. बराच वेळ पाहिलं. मग सरळ झाली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "किती लिहू, मावशी?"

तिच्या सरांना शंभर हवे होते आणि मला नव्याण्णवच्या वर. कोणाला किती हवेत तेवढंच लक्षात ठेवायला ती शिकली होती, आणि त्यात मी रस्ताभर भर घातली होती. भारी राग आला, आणि या वेळी सरांचा नाही.

"मला काय ठाऊक," मी म्हणाले. "मी कुठे बघितलं?" मैत्रिणीचा हात धरून तिला बाहेर ओट्यावर आणलं आणि दार लोटून घेतलं.

मला बसवेना. ओट्यावर येरझाऱ्या घालत राहिले. मैत्रीण म्हणाली, "सिलेंडर संपवेल तुझी भाची." आत पातेल्याचा आवाज, मग पाणी ओतल्याचा, मग पुन्हा गॅस पेटवल्याचा. शेवटी न राहवून मी दारापाशी जाऊन विचारलं, "झालं का गं?"

"थांब, आत नको येऊस," ती आतून म्हणाली. "पाण्यात बुडवलं की वेगळं येतंय आणि नुसत्या वाफेत धरलं की वेगळं. असं का, ते मला परत बघायचंय."